पडद्यामागची कोठी

परवा रविवारी मी दौंडला जाऊन आले. तिथल्या आमच्या जुन्या देवळाची मागची खोली पाडायला काढलीय, एकदा बघून जा, असा पाळकसाहेबांचा फोन होता. चर्च हा शब्द आता पोरासोरांच्या तोंडी असतो. आम्ही देऊळच म्हणायचो, मी अजून म्हणते. शिरूरहून निघाले, न्हावऱ्याला गाडी बदलली, उसाच्या ट्रॉल्या आणि कांद्याच्या चाळी बघत दौंडला उतरले तेव्हा उपासना संपून मंडळी चहाला उभी होती.

खोलीचे पत्रे काढून झाले होते. चार भिंती आणि वर उघडं आभाळ. त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा ऊन पाहिलं. जिथं पडदा असायचा तिथं चौकटीला दोन गंजके हूक राहिलेत, आणि जिथं कोठी असायची तिथं फरशीवर एक काळपट गोल. कोठी कधीच भंगारात गेली म्हणे. पण वास होता हो! जुन्या ज्वारीचा, कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा, गोणपाटाचा. मी नर्स आहे. तीस वर्षं फिनेल आणि स्पिरिट हुंगून माझं नाक मेलंय असं मी समजून चालले होते. मी त्या गोलापाशी उभी राहिले आणि बघता बघता दहा वर्षांची झाले.

बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्या मंडळीत 'मूठ' काढायची रीत होती. दळणासाठी धान्य घेतलं की आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. तांदूळ धुवायला घेतले की एक मूठ डब्यात. घरात पोतं असो की पायलीभर असो, मूठ एकच. रविवारी तो डबा पिशवीत रिकामा करून देवळात आणायचा. वेदीच्या डाव्या अंगाला जाड निळा पडदा, पडद्यामागं ती खोली, खोलीत पत्र्याची कोठी. उपासना संपली की बायका एकेक करून पडद्याआड जायच्या. जिच्याकडं असेल ती ओतायची, जिला लागेल ती घ्यायची, आणि मागच्या दारानं, कडुलिंबाखालच्या बोळातून, पदराखाली पिशवी धरून परस्पर घरी जायची. खोलीला खिडकी नव्हती आणि आत दिवा न्यायचा नाही अशी सक्त ताकीद होती. पुरुषांनी त्या वेळी बोळात फिरकायचं नाही. पोरांनी पडद्याला बोटसुद्धा लावायचं नाही. कोण ओतून गेली आणि कोण घेऊन गेली, हे देवाला ठाऊक आणि त्या बाईला.

आज लोक मदत करतात, नाही असं नाही. मोठमोठे ट्रक येतात, किराण्याचे किट वाटतात. पण पिशवी हातात देताना फोटो काढतात, आणि त्या फोटोतल्या बाईची खाली गेलेली नजर माझ्यानं बघवत नाही. आमच्या देवळात कुणाचा फोटो निघाला नाही. कितीतरी घरं त्या अंधाऱ्या खोलीच्या जिवावर तगली आणि त्यातल्या एकाचंही नाव कुठल्या वहीत सापडणार नाही. मला ह्याचा गर्व आहे. देवापुढं गर्व नको म्हणतात. असू दे, एवढा एक राहू दे माझ्याकडं.

त्या काळातला रविवार म्हणजे खोबरेल तेलाचा आणि खळीच्या साड्यांचा वास. देवळापासून रेल्वे लाईन हाकेच्या अंतरावर. पाळकसाहेबांचं प्रवचन ऐन रंगात आलं की नेमकं एखादं इंजिन शिट्टी घालायचं, लांबलचक. पाळकसाहेब हात वर धरून तसेच थांबायचे. शिट्टी संपली की जिथं वाक्य सोडलं होतं तिथूनच उचलायचे. एकदा त्यांनी 'आणि प्रभू म्हणाला' असं म्हटलं आणि मालगाडी आली. आम्ही पोरं एवढी हसलो की आमच्या अख्ख्या बाकाला बाहेर काढलं होतं.

वेदीवरच्या भिंतीवर निळ्या अक्षरात वचन रंगवलेलं होतं. ते माझ्या बाबांनी रंगवलेलं. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बाजारपेठेतली निम्मी नावं त्यांच्या हातची होती, आणि मी शाळेत जाताना प्रत्येक पाटीखाली क्षणभर थांबायचे, जणू ती दुकानं आमचीच. घरात सदा टर्पेंटाइनचा वास. मग एका वर्षी पाऊसकाळ सरता सरता बाबा गेले. कसे, कशानं, ते इथं लिहीत नाही. तो वास आधी त्यांच्या शर्टातून गेला, मग खुंटीवरून गेला, मग एक दिवस घरात कुठंच राहिला नाही. मी कपाटातल्या रिकाम्या डब्यांची झाकणं उघडून हुंगत बसायचे.

आम्ही तीन भावंडं. मी दहाची, भाऊ सातचा, धाकटी तीनची. आईनं रेल्वे कॉलनीत दोन घरची धुणीभांडी धरली. त्यात चार तोंडं भरत नव्हती. एवढं गणित मलाही कळत होतं.

खुटबावहून मामा आला. आईचा थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. येताना वांगी आणि दुधाची किटली घेऊन आला होता. ओट्यावर बसून त्यानं आमच्या तिघांच्या हाडांकडं एकदा नीट बघून घेतलं.

"सुवार्ता, हे किती दिस चालायचं?" तो म्हणाला. "थोरलीला आन् पोराला मी नेतो खुटबावला. म्हशींमागं ऱ्हातील, दोन येळचं खातील."

"त्यांची शाळा हाय, दादा."

"शाळा पोट भरती व्हय?"

आईनं धाकटीला मांडीवर ओढून घेतलं.

"हे बघ, मी काय वैरी न्हाई तुझा," मामा उठत म्हणाला. "नाताळाच्या आदल्या रविवारी येतो. तवर तुझं बस्तान बसलं तर देव पावला. न्हाईतर दोघांची बोचकी बांधून ठेव."

झालं. तेव्हापासून मी दिवस मोजायला लागले. मला शाळा सोडायची नव्हती. पण खरं सांगायचं तर धाकटीला सोडून राहायची कल्पनाच मला सोसत नव्हती. ती माझ्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी कोठी होती ना तुमची? होती की! मंडळीतल्या सगळ्या बायकांचाही तोच समज. सुवार्ताला कोठीतलं मिळतंय, तिचं भागतंय. म्हणून कुणी चौकशी केली नाही. चौकशी करायची नाही हीच तर आमची रीत, आणि त्या रीतीचा आम्हाला केवढा अभिमान! त्याच अभिमानानं आमचा घात होत आला होता. कारण माझी आई कोठीतलं घेत नव्हती. ती कोठीत टाकत होती.

मला ते माहीत होतं. दर रविवारी ती पडद्याआड जायची आणि बोळातून बाहेर यायची तेव्हा पिशवी चौघडी करून काखेत असायची. एक दिवस घरात तांदूळ उरले होते जेमतेम दोन मुठी. आईनं त्यातली एक उचलली आणि डब्यात टाकली.

"आई, आज नको ना काढू," मी म्हटलं.

"मूठ काढायची सोडली म्हंजी आपुन देणाऱ्यातनं उठलो," ती म्हणाली. "मग ऱ्हायलं काय आपलं?"

"मग तिथलं घेत का नाहीस?"

"न्हाई जमत मला." एवढंच बोलली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. त्या दिवशी तिनं आमच्या ताटात पेज वाढली आणि स्वतः कॉलनीत खाऊन आले म्हणून सांगितलं. ती खाऊन आलेली नव्हती. तिच्या तोंडाला उपाशी माणसाचा वास येत होता. हा वास मी पुढं नोकरीत पुष्कळदा ओळखला.

ह्या सगळ्यात मोठ्या बाई येतात. एस्तेरबाई त्यांचं नाव, पण दौंडात त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणायचे. रेल्वेतल्या गार्डसाहेबांच्या पत्नी. कडक खळीची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, कॉलनीतलं बागेचं क्वार्टर. रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवायच्या, आणि खोटं बोलणं ह्या एका गोष्टीवर त्यांचा असा काही राग होता की विचारू नका. माझ्या भावानं एकदा कुणाच्या तरी कोंबडीचं अंडं पळवलं आणि 'मला सापडलं' म्हणून सांगितलं. बाईंनी त्याला ते अंडं हातात धरून तासभर उभं केलं. शेवटी तो रडत म्हणाला, "बाई, अंडं नाही सापडलं, मीच कोंबडीला सापडलो." तरी बाई हसल्या नाहीत. "चोरी एक वेळ माफ करीन," म्हणाल्या, "देवाच्या घरात खोटं बोललेलं माफ नाही." आम्ही त्यांना वचकून असायचो.

डिसेंबर लागला. देवळात झिरमिळ्या लावायचं काम निघालं, घराघरांतून करंज्यांच्या तळणीचा वास यायला लागला, आणि आमच्या घरातून कसलाच नाही. त्या रविवारी मी वर्गात उभी राहून वचन पाठ म्हणत होते. मधेच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खाली बसले. बाईंनी वर्ग सोडून दिला. मला बाकावर आडवं केलं, पर्समधून गुळाचा खडा काढून तोंडात घातला.

"काल काय खाल्लंस?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, भाकरी-कालवण. पण विचारणाऱ्या त्या होत्या. "चहा, बाई. आणि अर्धा पाव."

"आणि परवा?"

"पेज."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि कोठीतलं धान्य? ते काय झालं?"

"आई घेत नाही, बाई. आई टाकते. रोज एक मूठ."

बाई खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मला आईबद्दल चुगली केल्याची शिक्षा होणार.

"पुढच्या रविवारी मामा येणार आहेत," मी सांगून टाकलं. आता बोलतच होते तर सगळंच बोलून घेतलं. "मला आणि भावाला खुटबावला नेणार. म्हशींमागं."

"घरी जा," बाई म्हणाल्या. "आईला सांगू नकोस मी विचारलं म्हणून. कुणी विचारलं तर मात्र खरं सांग." एवढ्यातही त्यांनी ते सोडलं नाही.

मी वाट बघितली. वाटलं, आता बाई घरी येतील, काहीतरी पाठवतील. सोमवार गेला, बुधवार गेला. कुणी आलं नाही. आज कळतं, त्या आल्या असत्या आणि पिशवी उंबऱ्यात ठेवली असती तर आईनं ती तशीच परत नेऊन दिली असती. दारात आलेली पिशवी म्हणजे भीक, असं आईचं चोख मत होतं. शनिवारी संध्याकाळी तिनं आमची बोचकी बांधली. माझ्या बोचक्यात तिनं माझी पाटी घातली, बाहेर काढली, परत घातली.

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. नाताळाच्या आदल्या रविवारी भरतंच. खिडकीतून मला रस्त्यापलीकडं उभा असलेला मामा दिसत होता. त्याच्या सायकलीच्या हँडलला दोन रिकाम्या पिशव्या. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय?" आमच्यात असं असतं, की देवानं काय केलं ते ज्याला सांगायचं त्यानं उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाचा ताप उतरला, कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली रद्द झाली. बहुतेक वेळा तेच लोक तेच सांगायचे.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. त्या कधी साक्ष देत नसत.

"मला एक कबूल करायचंय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, वर्गात शिकवताना असतो तसा. "मी कोठीतलं धान्य घेतलंय. एकदा नाही, तीन वर्षं. आमच्या घरावर वेळ आली होती. पडद्याआड जायचे, झाकण उघडायचे आणि वाटीवाटीनं पिशवीत भरायचे. मला फार लाज वाटायची. आज सांगते, लाज वाटायचं काहीएक कारण नव्हतं. ते धान्य आपलं सगळ्यांचं आहे. घेणारी बाई देणारीपेक्षा तसूभर कमी नाही. एवढंच."

आणि बसल्या.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. पडद्यामागं आपण काय केलं हे आजवर कुणी बोललं नव्हतं. आणि बोललं कोण, तर गार्डाची बायको! पुरुषांच्या बाजूला गार्डसाहेब ताठ बसले होते. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. आता लोक कुजबुजणार एवढ्यात मागच्या बाकावरून रूथमावशी उठली. ती सुईण. आम्ही तिघंही तिच्याच हातावर जन्मलो.

"मी बी घेतलंय," ती म्हणाली. "नवरा जागेवर पडला तवा. दोन साल."

मग आणखी एक बाई उठली. मग खिडकीजवळची एक म्हातारी, तिला उठता येईना तर तिनं नुसता हात वर केला. मी मोजल्या नाहीत. माझं सगळं लक्ष आईकडं. ती खाली मान घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. पाळकसाहेब शहाणे. त्यांनी काही भाष्य केलं नाही, पेटीवाल्याला खूण केली. गाणं सुरू झालं. सगळे उभे राहिले.

आणि आई बाकावरून निघाली. उपासना चालू असताना कुणी पडद्याआड जात नसे. ती गेली. पडदा हलला आणि स्थिर झाला. आम्ही गात होतो, म्हणजे मी तोंड हलवत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गाणं संपलं तरी आई आली नाही. पेटीवाल्यानं क्षणभर पडद्याकडं बघितलं आणि शेवटचं कडवं परत धरलं. ते संपलं. त्यानं तिसऱ्यांदा धरलं. सगळं देऊळ एकच कडवं घोळून घोळून म्हणत होतं आणि कुणी पडद्याकडं बघत नव्हतं, इतकं न बघणं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

मागच्या दाराची कडी वाजली नाही. पडदा बाजूला झाला आणि आई देवळातच परत आली. भरलेली पिशवी कडेवर, पदराखाली नव्हे, पदराच्या वर. केसांना धान्याची धूळ. दोन्ही बाजूंच्या बाकांच्या मधून ती चालत गेली, मोठ्या दारानं बाहेर, पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून थेट मामासमोर. मी भावाला हाताला धरून, धाकटीला काखेत मारून मागोमाग पळाले.

"दादा, जेवून जा," आई म्हणाली. "आन् पोरं हितंच ऱ्हातील."

मामानं पिशवीकडं बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं. "बरं," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "चटणी हाय का पर?"

त्या दुपारी आम्ही कोठीतलं धान्य पहिल्यांदा खाल्लं. शंभर घरच्या मुठी, त्यात सगळंच एकत्र: ज्वारी, बाजरी, गहू, जाडे तांदूळ, बारीक तांदूळ. आईनं सुपात घेतलं, आम्ही तिघं भोवती बसून निवडायला लागलो. हा वासाचा तांदूळ कुणाच्या घरचा असेल? ही टपोरी ज्वारी नक्की न्हावऱ्याकडची. मामासुद्धा निवडायला बसला. तांदळाचा भात झाला, राहिलेल्याचं दळण रशीदचाचांच्या गिरणीत गेलं. जात्यात भेसळ आली की चाचा एरवी केवढे खेकसायचे! पण असलं मिसळीचं दळण दिसलं की ते डबा मुकाट्यानं आपल्या मागं ठेवायचे, गिऱ्हाईक सरलं की स्वतः दळायचे आणि वरून फडकं बांधून द्यायचे. ते मशिदीत जाणारे, आम्ही देवळात. पण गावातल्या कुठल्या घरात मिसळीची भाकरी होते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते कधी स्वतःच्या घरातसुद्धा सांगितलं नाही. ती भाकरी जरा काळसर व्हायची, थापताना चिरायची. चवीला मात्र अशी, की आज मी पाच धान्यं विकत आणून मुद्दाम मिसळते आणि तशी होत नाही.

दीड वर्ष आम्ही ती भाकरी खाल्ली. मग आईला एका दवाखान्यात आयाचं काम लागलं आणि आम्ही पुन्हा नुसते देणारे झालो. मी शिकले, नर्स झाले. भाऊ रेल्वेत लागला. धाकटी शिक्षिका आहे, माझी वेणी आता उरली नाही तरी भेटली की केसांना हात लावून बघते. माझं लग्न झालं तसं मीही मूठ काढायला लागले, पडद्याआड जायला लागले. अंधारात चाचपडत झाकण उचलायचं, ओतायचं, मागच्या दारानं निघायचं. शिरूरला बदली होईपर्यंत.

मोठ्या बाईंचं मात्र सोपं गेलं नाही. लोक काय, बोलतातच. गार्डाच्या घरात तीन वर्षं दाणा नव्हता म्हणे! मग पगार जायचा कुठं? कुणी म्हणालं गार्डसाहेब पितात, कुणी म्हणालं जुगार. त्यांच्या थोरल्याची सोयरीक ठरत आली होती, ती ह्याच बोलण्यावरून मोडली. बाईंनी एका शब्दानं खुलासा केला नाही. त्याच खळीच्या साडीत दर रविवारी यायच्या आणि आम्हाला खोट्याबद्दल तसंच झोडपायच्या. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, की एवढी मानी बाई, पण गरज पडली तेव्हा घेतलं आणि वेळ आली तेव्हा सांगितलं.

परवा चहा पिताना एक काका त्या उघड्या खोलीकडं बोट दाखवून नव्या पोरांना सांगत होते, "अरे, गार्डाची बायकोसुद्धा हितलं घ्यायची!" म्हणजे अजून विसरले नाहीत. मी चहा संपवला आणि एसटीला आले.

घरी आले तर आई अंगणात बशीतून चहा पीत होती. अठ्ठ्याहत्तरची आहे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. तिला खोलीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, आणि काका काय म्हणाले तेही सांगितलं.

आईनं बशी खाली ठेवली. "बाईंनी कवाच न्हाई घेतलं."

"अगं, त्यांनी स्वतः सांगितलं! मी होते की तिथं. झाकण उघडून वाटीवाटीनं..."

"तेच की. वरनं काढता येतंय व्हय? कोठी छातीएवढी, दाणा पार खाली. हात पोचत न्हाई. वरनं फकस्त वतायचं. काढायचं तोंड खाली हाय, भिंतीकडच्या अंगाला. उकिडवं बसून, पिशवी त्येच्याखाली धरून झाकण वढायचं. देणारीला ते कशाला दिसतंय? तू इतकी वर्सं वतलंस, तुला दिसलं का?"

मला दिसलं नव्हतं. मी मान हलवली.

"मला बी ठावं नव्हतं," आई म्हणाली. "त्या दिशी आत गेले, वाटी घिऊन वाकले, हात पोचंना. चाचपत चाचपत खालचं तोंड घावलं. आन् तितंच समजलं. ही बाई हितं कवा बसलीच न्हाई. देवाच्या घरात उभं ऱ्हाऊन खोटं बोलली. ज्या बाईनं माझ्या पोराला अंड्यापायी उभं केलं, ती."

"म्हणजे रूथमावशी... त्या सगळ्या ज्या उठल्या..."

"घेणाऱ्या सगळ्यांना त्याच घडीला कळलं असणार. एकीनं तरी तोंड उघडलं का आजवर? बाईंच्या पोराची सोयरीक मोडली तवा रूथ माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, सांगून टाकू का गं? दोघी गेलो बाईंकडं, तर त्यांनीच दटावलं. म्हणाल्या, एकदा खोटं बोललेय ते बोललेय, आता त्यात तुम्ही लुडबुड करू नका."

मी पदरानं डोळे पुसले. ही माझी माणसं. ह्या बायका. पंचेचाळीस वर्षं.

"मग तुला आत कळलंच होतं," मी शेवटी विचारलं, "तर तू का घेतलंस? आणि घेतलंस ते घेतलंस, मागच्या दारानं का नाही गेलीस?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी अजून चौथीतच आहे.

"तीन कडवी उभी ऱ्हायले मी त्या अंधारात. बाईंनी सगळ्या मंडळीदेखत आपली अब्रू माझ्या पिशवीत वतली. ती घिऊन मी मागल्या दारानं जाऊ व्हय?"